कुर्लीच्या बिळाची तांबडी कडा

दर रविवारी फोनवर आई विचारते, "थंय नेमका काय करतंस रे?" स्टुटगार्टला राहून तीन वर्षं झाली, पण तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नव्हतं. मे महिन्यात देवबागला घरी आलो आणि ते उत्तर कर्लीच्या खाडीत मिळालं.

मी व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचे थर वाढवतो. एकेक थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ऑक्साइडच्या चकतीवर लेझरचे झटके द्यायचे, म्हणजे उडालेली वाफ पाचशे अंशांवर तापलेल्या सफायरवर जाऊन बसते. भांड्यात ऑक्सिजन सोडायचा तो हवेच्या दाबाच्या साधारण एक लक्षांश. सगळी मेख तिथेच आहे. तो कमी पडला की स्फटिकात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. अशा प्रत्येक जागेमागे दोन इलेक्ट्रॉन उरतात आणि ते व्हॅनेडियमच्या पदरात पडतात. मग त्याची संयुजा, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन देऊन टाकले त्याचा आकडा, +४ वरून +३ कडे उतरते. ऑक्सिजन जास्त झाला तर ती +५ वर चढते. मला हवा असतो तो +४ चा थर, कारण ६८ अंश सेल्सियसच्या आसपास तो एकाएकी धातूसारखी वीज वाहू लागतो. +५ चा थर ते करत नाही.

फेब्रुवारीत माझे थर ६८ काय, ९० अंशांपर्यंत तापवले तरी ढिम्म. बारा दिवस मी दाबाच्या मापकाला दोष देत होतो. एक्स-रे तपासणीत सगळा +५ निघाला. चूक वाढवताना झालीच नव्हती, झाली होती निववताना. थर पुरता गरम असतानाच मी भांड्यात भरपूर ऑक्सिजन सोडत होतो. लेझर थांबला तरी थर श्वास घेतच राहतो, हे तेव्हा कळलं आणि ते मी आता विसरणार नाही.

तर खाडी. ओहोटीला आईबरोबर कांदळांत, म्हणजे खारफुटीत, उतरलो. चिखल काळाकुट्ट, कुजका वास. त्या काळ्यात कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, प्रत्येक बिळाला मात्र गंजासारखी तांबडी कडा. चिखलाच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून तिथलं लोह +२ वर असतं आणि गंधकाशी जुळून काळं दिसतं. बिळातून भरतीचं पाणी, हवा आत जाते आणि बिळाच्या भिंतीपाशी तेच लोह +३ होतं. जांभ्या चिऱ्याला लाल रंग देणारं लोहही +३ चंच.

बिळात बोट घालून मी आईला कडा दाखवली, कडेमागचा काळा चिखलही उकरून दाखवला. ती वाकून बघत राहिली.

"म्हणजे बीळ केवढा उघडा ठेवूचा, ता तू थंय बघतंस?"

"होय. आणि बंद कधी करूचा, ता पण."

घरी पोचेपर्यंत माझ्या पोटऱ्यांवरचा काळा चिखल सुकून करडा-तांबूस झाला होता. आईने पडवीतूनच हाक मारली, "थांब, धुव नको, माका बघूंदे."