पावसानंतरचा घाट: वळणावर टायर का सटकतो आणि काय सांभाळायचं

पावसानंतर बाईकने घाट ओलांडायचा बेत असेल, तर आधी रस्त्याची अवस्था सांगतो. चढाची बाजू उन्हाकडे आहे, त्यामुळे सकाळी ऊन वर आलं की डांबर बऱ्यापैकी कोरडं होतं. उताराची बाजू डोंगराच्या सावलीत असल्याने तिथे दुपारीही ओलसर पट्टे राहतात. खड्डे फारसे नाहीत. जपायचं ते वळणांवर.

पायथ्यापासूनची पहिली काही वळणं आम्ही मुद्दाम सावकाश घेतली. थंड रबर कडक असतं आणि डांबराच्या बारीक खाचांमध्ये नीट बसत नाही. बरेच जण टायर तापवायला बाईक डावी-उजवीकडे हलवत नेतात, पण त्याने फार काही साधत नाही. सरळ रस्त्यावर जरा जोर लावून पिकअप घेतला आणि ब्रेक मारला, तर रबर लवकर तापतं.

मधल्या एका हेअरपिनला, म्हणजे जवळपास उलट फिरवणाऱ्या तीव्र वळणाला, मित्र पुढे होता, मी थोडं अंतर ठेवून मागे. हेल्मेटमध्ये डिझेलचा वास आला आणि त्याच क्षणी त्याचा मागचा टायर वळणाच्या बाहेरच्या बाजूला वीतभर सरकला. जड गाड्यांच्या भरलेल्या टाक्यांतून अशाच वळणांवर डिझेल सांडतं. ओल्या डांबरावर त्याचा इंद्रधनुषी तवंग दिसतो. कोरड्यावर नुसता काळपट पट्टा, तो सहज नजरेतून सुटतो. मित्राने थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) झटक्यात सोडलं नाही, ब्रेकला पाय लावला नाही, आणि नजर वळण जिथे सुटतं तिकडेच ठेवली. टायर पट्टा ओलांडून कोरड्यावर आला, बाईक एकदा जोरात डुलली आणि सावरली. घाबरून थ्रॉटल बंद केलं असतं, तर आडवा सरकलेला टायर अचानक पकड घेऊन त्याला सीटवरून उडवू शकला असता. मागचा टायर सटकल्यावर हात शांत ठेवणं फार कठीण असतं, आणि त्याने ते केलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

वेगाचं गणित एकदा डोक्यात बसवून घ्याच. वळणाची त्रिज्या २० मीटर धरली, तर ताशी ४० किलोमीटरला बाईक साधारण ३२ अंश झुकवावी लागते. ताशी ५० ला तेच ४५ अंशांच्या जवळ जातं. वेग दहानेच वाढला, पण टायरवरचा बाजूचा ताण दीडपटीहून जास्त झाला, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४५ अंशांना टायरकडून चांगल्या कोरड्या डांबरावरची जवळपास सगळी ग्रिप मागितली जाते. ओल्या रस्त्यावर तेवढी नसतेच. आणि ग्रिप ही एकच थैली आहे: वळणं, ब्रेक, पिकअप, सगळा खर्च त्यातूनच. पूर्ण झुकलेल्या बाईकवर ब्रेक दाबला की थैली रिकामी होते आणि टायरची पकड सुटते.

म्हणून उतरताना आम्ही एकच नियम पाळला. ब्रेक मारणं आणि गिअर बदलणं वळणाच्या आधी, बाईक सरळ, न झुकलेली असताना. मग वळणात हलकं, सलग थ्रॉटल. उतारावर वजन आधीच पुढच्या चाकावर येतं. पुढच्या टायरची पकड सुटली तर सावरायला वेळच मिळत नाही. खालचा गिअर टाकताना क्लच हळू सोडा, नाहीतर इंजिन ब्रेकिंगनेच, म्हणजे इंजिनाच्या उलट ओढीनेच, मागचं चाक क्षणभर अडकतं. वळणात वेग जास्त वाटला आणि पुढे जागा असेल, तर बाईक झुकावातून सरळ करा, ब्रेक मारा, मग पुन्हा झुकवा. जागा नसेल आणि रस्ता कोरडा असेल, तर नजर बाहेरच्या कठड्यावरून काढून वळणाच्या शेवटाकडे न्या आणि आणखी झुकवा. बहुतेक रायडर टायर जेवढा झुकाव पेलू शकतो त्याच्या बरंच अलीकडे थांबतात.

एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण बाईक किती झुकली आहे हे त्याला कळत नाही. झुकाव मोजून ब्रेक आवरणारी यंत्रणा २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर आली, आणि आजही ती मोजक्याच, बहुतेक महागड्या बाईकवर मिळते.

निघण्यापूर्वी टायर बघा. हवा टायर थंड असतानाच तपासा आणि कंपनीने दिलेल्या आकड्याइतकीच ठेवा. कमी हवेवर वळणात बाईक लडबडते, जास्त हवेवर रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२२२ म्हणजे २०२२ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही जुनाट, कडक झालेला टायर ओल्यात दगा देतो. हायवेवर फार चाललेला टायर मधोमध चपटा होतो, आणि वळणात त्या चपट्या भागाच्या कडेवरून जाताना बाईक धक्का देऊन पडल्यासारखी झुकते. असा टायर घेऊन घाटात जाऊ नकाच. कोरा टायर बसवला असेल, तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर झुकाव हळूहळू वाढवा.

वळणाच्या आतल्या कडेला वाहून आलेली खडी असते, चारचाकींची चाकं ती तिथेच लोटतात. पांढरे पट्टे आणि पुलांचे लोखंडी सांधे ओल्यात काचेसारखे गुळगुळीत होतात, ते शक्यतो बाईक न झुकवता, सरळ ठेवूनच ओलांडा. पाऊस नव्याने सुरू झाला, तर पहिली पंधरा-वीस मिनिटं आडोशाला थांबा. रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हाच वर येते, नंतर जोराच्या सरीने बरीचशी धुऊन जाते.