आबांची सलाईनची नळी आणि आमचं गॅरेज

पाटीवर नाव माझं आहे पण गॅरेज चालतं आबांच्या डोक्यावर. आबा म्हणजे माझे वडील, फौजेत ईएमईला, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होते, शेवटी सिकंदराबादला उस्ताद म्हणून नवीन पोरांना शिकवायचे. तेव्हा जबलपूरला बनायचे ते शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप त्यांच्या हाताखालनं किती गेले त्याचा हिशोब नाही. लडाखच्या थंडीत डिझेलात मेण धरतं, फिल्टर चोंदतो, गाडी जागची हलत नाही, असले किस्से चहाबरोबर रोज.

पेन्शनवर आले आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक गाळा भाड्यानं घेतला. कर्जाचं विचारू नका, बँकेत चपला झिजल्या, शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या.

माझी पहिली मोठी चूक सांगतो. ऊसतोडणीच्या सीझनला एक ट्रॅक्टर आला, चालता चालता बंद पडायचा. मी डिझेलचा पंप खोलला, रिपेअरला पाठवला, गिऱ्हाइकाचे पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर परत दारात. आबा काही बोलले नाहीत, खिळ्यावरची सलाईनची नळी काढली आणि टाकी ते पंप लाईनमध्ये बसवली. इंजिन चालू केल्यावर नळीतनं बुडबुडे पळताना दिसले. बाहेर एक थेंब गळत नव्हता पण आत हवा ओढली जात होती, आणि कारण काय तर फिल्टरवरचा तांब्याचा वॉशर! हा जुगाड त्यांनी फौजेतच काढलेला, पोरांना हवा दिसत नाही म्हणून. पंपाचे पैसे मला परत द्यायला लावले, तेही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन. लई राग आला होता तेव्हा.

2019 च्या महापुरात मात्र आबांमुळंच नाव झालं. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर गाड्यांची रांग लागली, त्यात चावी मारून बघितलेल्या जास्त. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, हे कोण सांगणार. आमच्याकडं आधी इंजेक्टर काढायचे, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर फेकायचं, मग ऑइल, फिल्टर, टाकी. आबा त्या वयातपण रात्री दोनपर्यंत उभे.

आता चार पोरं आहेत, सगळी त्यांना उस्तादच म्हणतात. दसऱ्याला पूजा असतेच, पण 15 ऑक्टोबरला ईएमईचा दिवस म्हणून पेढेपण असतात, यायचं.

आणि हो, गाडी पाण्यात गेली तर टोचन करून आणा. चावी मारलीय म्हटलं की आबा ओरडतात, आणि मग मलापण ऐकावं लागतं.