नवतप्यातल्या मासोळ्या

मंगळवार, रात्री

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला. कूलर सकाळपासून घरघरतोय, खसच्या ताट्यांचा वास घरभर पसरलाय, तरी माशांच्या टाकीतलं पाणी ३० अंशांखाली यायला तयार नाही. आई टाकीसमोर खुर्ची टाकून बसली की थोड्या थोड्या वेळाने एखादी मासोळी ‘गेली’ म्हणून जाहीर करते. आज कोरीची, म्हणजे तळाशी राहणाऱ्या कोरिडोरास मासोळीची पाळी होती. रेतीत मिशा खुपसून शांत फिरणारी कोरी एकदम सुटते, सरळ वर जाते, पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावते न लावते तोच परत तळाशी. पापणी लवली तर दिसणारही नाही.

“अगं, जीव घाबरतोय तिचा!”

जीव बिलकुल घाबरलेला नसतो. ती हवा गिळून येते. कल्ले आहेतच तिला, पण तिच्या आतड्याचा मागचा भाग पातळ असतो, रक्तवाहिन्यांनी भरलेला. गिळलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो आणि उरलेली हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. हे सांगितल्यावर आईने तोंडाला पदर लावला आणि “काहीही बाई” म्हणून उठून गेली. दक्षिण अमेरिकेतल्या संथ, गढूळ पाण्यात ऑक्सिजनची चणचण असते, तिथे ही सोय कामी येते. माझ्या टाकीत एक वर गेली की मागोमाग दुसरी, तिसरी जाते. जणू सगळ्यांना एकदमच आठवतं.

तर हे नॉर्मल. पण ‘नॉर्मल’ म्हणून विषय मिटवता येत नाही, हे आज दुपारी दिसलं. लाईन गेली. कूलर बंद, एअर पंप बंद. अर्ध्या तासात कोरींच्या फेऱ्या वाढल्या. त्याहून मोठी खूण म्हणजे निऑन टेट्रा. एरवी मधल्या थरात झुंडीने फिरणारे निऑन वर येऊन पाण्याला तोंड लावून उभे, कल्ले भराभर हलताहेत. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात पाणी हलवणारा पंपही बंद. मी मगने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतत बसले, हात भरून येईस्तोवर. लाईन आली, बुडबुडे सुरू झाले, तशी निऑन मंडळी हळूहळू खाली गेली.

कोरी वर जाणं ही सवय. किती वेळा जाते आणि तेव्हा बाकीचे काय करताहेत, ही बातमी. माझ्यासारख्या नवख्यांना सगळे पहिलंच सांगतात, दुसरं कोणी सांगत नाही.

बुधवार

पहाटे पाणी प्यायला उठले, मोबाईलच्या उजेडात टाकीत डोकावले. निऑन फिक्के. निळा पट्टा मळकट जांभळा, लाल तर जवळपास नाहीच. एकाच जागी तरंगत होते, डोळे उघडे. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे झोपलाय की मेलाय हे डोळ्यांवरून ओळखू येत नाही. कल्ला हलतोय का, तेवढं पाहायचं. तो निळा रंग मुळात रंगद्रव्याचा नाहीच. कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो, आणि अंधारात त्या स्फटिकांमधलं अंतर बदलतं. सकाळी लाईट लावून चहा होईपर्यंत सगळे परत झगझगीत.

मात्र भर दिवसा, लाईट चालू असताना एखादाच निऑन असा फिक्का राहिला आणि कळपापासून वेगळा पडला, तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं.

गुरुवार

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीवर, इथल्या नागपुरातल्या बाजारात गेले. माशांच्या दुकानात एका टाकीत क्लाऊन लोच चक्क आडवा पडलेला, अंगावर काळे पट्टे, पोट एका बाजूला. मी दुकानदाराला हाक मारली तर तो वर न बघताच म्हणाला, “काहून घाबरता ताई, झोपला हाय तो. असाच झोपते.” थोडी थांबले. लोच उठला, अंग झटकलं आणि गेला नळकांड्याखाली. तोवर शेजारच्या पोराने काचेवर टकटक सुरू केली होती. काचेवर टकटक करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, मग ते पोर असो की त्याचा बाप. (होता बापही. त्याने तर चावी वाजवून दाखवली.)

तिथेच एक काका निळं औषध मागत होते. मासा दगडाला अंग घासतो म्हणून. रोज घासतो का, अंगावर काही दिसतं का, हे विचारल्यावर म्हणाले, काल एकदा घासलं. एकदा घासलं तर खाज आली असेल! पुन्हा पुन्हा घासतोय, पंख अंगाशी मिटलेत, अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत, तर तो व्हाईट स्पॉट नावाचा आजार, मग उपचार हवेतच. नाहीतर ते निळं पाणी झाडांना सोसत नाही आणि फिल्टरमधले कामाचे जिवाणूही मारू शकतं. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे तेच असतात. म्हणजे धडधाकट माशाला औषधाने आजारी पाडायचं. काकांनी बाटली घेतलीच. दुकानदार कशाला नाही म्हणेल.

शुक्रवार

छतावरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून बदलायचं पाणी आदल्या रात्रीच बादल्यांत भरून उघडं ठेवते. थंडही होतं, क्लोरीनही उडतो. बाकी काही नाही. मुख्य म्हणजे गरमीने माझंच डोकं चालत नव्हतं.

शनिवार

आई सकाळी चहाची गाळणी घेऊन टाकीपाशी उभी. “फेस आलाय बघ कोपऱ्यात, साबण गेला वाटतं कोणाचा तरी. काढून टाकते.”

थोडक्यात वाचला तो फेस. पर्ल गोरामीच्या नराचं घरटं आहे ते. तरंगत्या झाडाच्या आडोशाला तो वर येतो, तोंडात हवा घेतो आणि लाळेत गुंडाळलेला एकेक बुडबुडा सोडतो. जवळून पाहिलं तर बुडबुडे साबणासारखे फुटत नाहीत, एकमेकांना चिकटून राहतात. त्याचा गळा नारिंगी-लाल झालाय. मादी जवळ आली की पोटाखालचे दोन लांब दोऱ्यासारखे पंख पुढे करून तिला चाचपतो. त्या पंखांनी त्याला स्पर्श कळतो, चवही कळते. कधी चाचपतो, कधी हाकलतो. आईचं मत पडलं, “मेला भांडखोर आहे.” मी म्हटलं, घर बांधतोय गं, जरा तापट असणारच.

खरा पेच वेगळाच आहे. घरट्याला वरचं पाणी निवांत लागतं, म्हणजे फिल्टरची धार कमी करायला हवी. पण पाणी आज ३१ वर आहे, निऑनना २६ च्या पुढे मुळात नकोसं होतं, आणि वरचं पाणी हललं नाही तर ऑक्सिजन मिसळणार कसा? नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. नवतपा संपायचाय, लाईन पुन्हा जाणारच.

धार पूर्ण ठेवली. टाकीवर जाळी टाकून टेबलफॅनही लावला, त्याने अंश-दोन अंश उतरतील. वाफेने पाणी घटेल ते रोज भरू. फेस विस्कटेल, विस्कटू दे. गोरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं, तो वर येऊन भागवेल. निऑनना ती सोय नाही.