दहा मिनिटांत आवडलेला स्पीकर

आधीची स्पीकरची जोडी मी दहा मिनिटांत पसंत केली होती आणि पंधरा दिवसांत ती मला नकोशी झाली. डेमोत झांजा नुसत्या चमचमत होत्या, गायिकेने घेतलेला श्वासही ऐकू येत होता, म्हटलं वा, काय डिटेल आहे! घरी तेच डिटेल डोक्यात जायला लागलं. गाण्यातला प्रत्येक 'स' सुईसारखा टोचायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला हात आपसूक आवाज कमी करायला जायचा. बायको एकदा म्हणाली, "गाणी तीच आहेत रे, मग ही बाई अशी फिस्कारते का?" वरची पट्टी, म्हणजे झांजा आणि 'स'सारखे तीक्ष्ण आवाज, कंपनीने मुद्दाम उचलून ठेवलेली, दुसरं काय. थोडा वेळ ऐकलं की छाप पडते, रोज ऐकलं की कान थकतो.

म्हणून या वेळी घाई नाही. दोन जोड्या आठवडाभरासाठी घरी आणल्या आणि आधी दोघांचा आवाज सारखा केला. हे न करता केलेली तुलना माझ्या मते फुकट आहे, कारण जरासा मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटतच नाही, 'चांगला' वाटतो. एकाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, ८५ डेसिबल, दुसऱ्याची ८८, म्हणजे अँप्लिफायरची आवाजाची खुंटी तिथेच ठेवली तरी दुसऱ्याला जणू दुप्पट पॉवर मिळाल्यासारखं होतं, मग तोच जिंकणार ना! पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात ती एकसारखी खरखर) लावला, मोबाईलवरचं साउंड मीटर खुर्चीत कानाच्या जागी धरलं आणि आकडे जुळवले. मोबाईलचा आकडा काही अगदी अचूक नसतो पण तुलनेपुरता चालतो.

मग स्टिरिओ बंद, दोन्हीतला एकेकच स्पीकर, मोनोमध्ये. मजा येत नाही हे मान्य, पण स्टिरिओच्या पसाऱ्यात बरेच दोष झाकले जातात, एकटा स्पीकर लगेच उघडा पडतो. मी गाण्यांआधी घरातल्यांचं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं साधं बोलणं लावलं. ओळखीचा आवाज जरा जरी नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला तरी कान लगेच पकडतो, तिथे वाजणाऱ्या झांजा काय कळणार, खऱ्या कशा होत्या ते आपण कुठे ऐकलंय!

शेवटी समोर पातळ पडदा लावून पोराला वायरी बदलायला बसवलं. लाकडी फिनिशचा तो उंचापुरा स्पीकर मला मनातून आवडला होता, आणि पडद्याआडून मी सातपैकी पाच वेळा दुसऱ्यालाच पसंती दिली. पोरगं खो खो हसलं. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हेच दाखवलं होतं, स्पीकर दिसत असला की माणसं मार्क वेगळे देतात, आणि त्यात मुरलेले ऐकणारेही सुटले नाहीत. तेवढंच समाधान.

स्पेसिफिकेशनच्या कागदाबद्दल फार बोलत नाही. '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असं लिहिलंय पण तेवढ्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वर-खाली होतो ते लिहिलं नाही, तर तो आकडा असून नसून सारखाच.

खरी डोकेदुखी खोली. माझी खोली ४ मीटर लांब. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्यामुळे लांबीच्या दिशेने या खोलीचा पहिला रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो, ४३ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्झ. म्हणजे बाकीचे सूर सरळ चालतात आणि तो एकच सूर येऊन घुमतो, खिडकीच्या काचा थरथरतात. दोन्ही जोड्यांवर तेच! माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती आणि नेमका भिंतीपाशीच तो सूर सगळ्यात जास्त फुगतो, आणि मी आठवडाभर स्पीकरला शिव्या घालत होतो. खुर्ची सव्वा मीटर पुढे ओढली, स्पीकर भिंतीपासून थोडे सुटे केले, घुमणं बरंच आटोक्यात आलं. अगदी खोलीच्या मधोमध बसून पाहिलं तर तो सूर जवळजवळ गायबच, तेही नको.

तर पडद्याआडून जिंकलेली, दिसायला साधी अशी जोडी ठेवलीय. खुर्ची मात्र आता येण्याजाण्याच्या वाटेत आहे, आणि काल बायकोने ती गुपचूप परत भिंतीला लावली, मला पहिल्याच गाण्यात कळलं.