तुम्ही विचारलंत म्हणून : एका वाक्यासाठी अख्खा परिच्छेद कशाला?

कोल्हापुरात व्याख्यान संपले की कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतोच. पुढाऱ्याचे वादग्रस्त वाक्य द्यायचे तर तेवढे वाक्य द्यावे, त्याच्या मागच्या-पुढच्या दहा ओळी वाचकाच्या गळ्यात कशाला मारता? काहींची शंका उलट असते: संदर्भाच्या नावाखाली तुम्ही बोलणाऱ्याला सोडवता. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच उदाहरणात सापडते.

बिंदू चौकात डॉ. आंबेडकरांचा जो पुतळा आहे, तो १९५० साली, म्हणजे ते हयात असताना, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याच आंबेडकरांचे एक वाक्य संविधानावरच्या वादात हमखास फेकले जाते: ही घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन. वाक्य बनावट नाही. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्य विधेयकावर बोलताना त्यांनी ते उच्चारले. (भाषण इंग्रजीत झाले, येथील मराठी माझे.) प्रश्न आहे तो ते कशाविषयी बोलत होते, हा. अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालांना काही अधिकार असावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर घटना तर तुम्हीच केलीत, अशी आठवण त्यांना सभागृहात करून देण्यात आली. मला जे सांगितले गेले ते मी केले, पुष्कळसे मनाविरुद्ध केले, असे ते म्हणाले आणि पुढे ते जाळण्याचे वाक्य आले. त्याला लागूनच ते सांगतात की लोकांना ही घटना चालवायचीच असेल, तर देशात बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याकही आहेत हे त्यांनी विसरता कामा नये, आणि सर्वांत मोठी हानी अल्पसंख्याकांना दुखावल्याने होईल. एवढ्या ओळी गाळल्या की शिल्पकारानेच आपले काम निकालात काढल्याचा देखावा उभा राहतो. त्या ठेवल्या की दुबळ्यांना पुरेसे संरक्षण मिळाले नाही म्हणून संतापलेला माणूस दिसतो. दहा ओळींचे ओझे मी वाचकावर टाकतो ते यासाठी.

आता दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण येथे बाबासाहेबांचे चाहतेही कात्री चालवतात. ते रागाच्या भरात बोलले, त्यांना तसे म्हणायचे नव्हते, असे सांगून विषय मिटवला जातो. प्रत्यक्षात १९ मार्च १९५५ रोजी, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत, डॉ. अनुप सिंग यांनी त्यांना त्या वाक्याची आठवण दिली, तेव्हा त्यांनी ते मागे घेतले नाही. घाईत कारण सांगायचे राहिले होते, ते आता सांगतो, असे म्हणून त्यांनी सांगितले की आम्ही देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची स्थापना होण्यापूर्वीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करणार? मग मंदिराऐवजी सैतानाचाच नाश करा, ही एका सदस्याची सूचनाही त्यांनी मान्य केली नाही. म्हणजे पूर्ण संदर्भ दिल्याने वाक्य सौम्य होत नाही. त्याची धार नेमकी कोणावर होती एवढे कळते. ज्याला ते बोचायचे त्याला ते बोचू द्यावे.

काळाचा क्रम हा मात्र वेगळा मुद्दा आहे. पुण्याच्या शिवाजी उत्सवात १२ जून १८९७ रोजी अफजलखानाच्या वधावर भाषणे झाली, त्यांत लोकमान्य टिळकही बोलले, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त त्यांचा वृत्तांत आला. २२ जूनच्या रात्री पुण्यातील प्लेगचा ब्रिटिश अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्यानंतर तो वृत्तांत पूर्वीसारखा वाचणे कोणालाच शक्य राहिले नाही. ‘केसरी’तील त्या मजकुरावरून खटला झाला, ज्यूरीचा कौल सहा विरुद्ध तीन असा फुटला आणि टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या भाषणाविषयी मत काहीही असो, उद्धृत करताना तारखा याच क्रमाने दिल्या पाहिजेत, कारण नंतर घडलेली घटना हा खटल्याचा संदर्भ आहे, भाषणाचा नव्हे.

जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून आपल्याच शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले, तेव्हापासून मला आणखी एक विचारणा होते: चीड आणणारे शब्द पुन्हा छापावेतच का? मथळ्यात छापू नयेत, असे माझे मत आहे. पण मजकुरात एकदा, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत ते आले पाहिजेत. ‘आक्षेपार्ह विधान केल्याने वाद निर्माण झाला’ या साच्यातील बातमीत विधान काय होते ते कळत नाही, आक्षेप कोणाचा तेही कळत नाही, आणि वाद तर जणू आपोआप उगवतो. मग वाचक स्वतःच्या कल्पनेने मूळ शब्दांहून भयंकर काहीतरी तेथे भरतो.

काटछाट मीही करतो. नमस्कार-चमत्कार, टाळ्या, तेच ते पुन्हा म्हटलेले, हे सारे जाते. ‘जर’पासून सुरू होणारा भाग मात्र कधी जात नाही, ज्या प्रश्नाला ते उत्तर होते तो प्रश्न जात नाही, आणि बोलणाऱ्याने पुढे केलेला खुलासा, तो कितीही लंगडा वाटला तरी, मी त्याच परिच्छेदात ठेवतो.