भंगारच आहे ना, मग एवढे पैसे कसले?

हा प्रश्न विचारणारा माणूस नेहमी चांगला असतो. चित्र त्याला आवडलेलं असतं. दोन पावलं मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन, नखाने एखादा तुकडा खुटखुटवून त्याने ते नीट पाहिलेलं असतं. मग किंमत कळते आणि चेहरा बदलतो. "टाइल्स असत्या तर समजलं असतं हो. पण हे भंगारच आहे ना?" घोडबंदर रोडवरच्या एका गृहस्थांनी अगदी याच शब्दांत विचारलं, तेव्हा मी हसून त्यांना चहा दिला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगूनच टाकते.

मी ठाण्यात चरईला राहते आणि टाकाऊ वस्तूंची मोझॅक करते. कीबोर्डच्या कळा, गारमेंटवाल्यांनी काढून टाकलेली बटणं, उल्हासनगरच्या जीन्सचे रिव्हेट, कपबश्यांचे तुकडे, बांगड्या. मोझॅक म्हटलं की आपल्याकडे जुन्या घरातली ठिपक्यांची लादी आठवते, नाहीतर गच्चीवरची चायना मोझॅक. तिथूनच हा समज आला असावा, की तुकडे लावतात ते स्वस्तात भागतं म्हणून. गच्चीवर काम केलेल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. उतारावर आणि भिंतीच्या पायथ्याच्या गोलाईवर अख्खी लादी बसतच नाही, तिथे तुकडाच लागतो. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये वास्तुकार अंतोनी गौदीचा तो नागमोडी बाक फुटक्या चिनी मातीने मढवलाय, कारण वळणावर तुकडाच वळतो. आपल्या पुण्यात जन्मलेल्या वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादला 'संगाथ' हे स्वतःचं कार्यालय बांधलं, त्याच्या कमानदार छपरांवरही पांढरी चायना मोझॅक आहे. ऊन परतवायला. म्हणजे तुकड्याची निवड बहुतेक वेळा कामासाठी झालेली असते, खिशासाठी नव्हे.

आता माझा हिशोब.

त्या गृहस्थांना हवं होतं तीन फूट बाय दोन फुटांचं चित्र, संपूर्ण कीबोर्डच्या कळांचं. एक कळ तळाशी साधारण १८ मिलिमीटर. आडव्या ५० आणि उभ्या ३३ धरा, म्हणजे १,६५० कळा. नेहमीच्या १०४ कळांच्या कीबोर्डमधून स्पेसबार, एंटर, शिफ्ट असल्या लांबोड्या काढल्या की एकसारख्या साधारण ८६ उरतात. हिशोबाने २० कीबोर्ड पुरायला हवेत. मला ६० हून जास्त लागले, आणि त्याचं कारण पुढे येतंच आहे.

आधी धुणं. कीबोर्ड उलटा करून आपटला की त्यातून त्या ऑफिसचा सगळा इतिहास पडतो: फरसाण, स्टेपलरच्या पिना, केस, बडीशेप. कळा उपसून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरायच्या आणि कोमट पाण्यात साबणाची पावडर टाकून रात्रभर बुडवून ठेवायच्या. कढत पाणी चालत नाही, प्लास्टिक वाकडं होतं. वाळायला दोन दिवस, पावसाळ्यात चार, कारण कळ आतून पोकळ असते आणि पाणी तिथे दडून बसतं. शिवाय पोटातून एक दांडी खाली आलेली असते. ती काठाच्या खाली उतरते, त्यामुळे कळ पाटावर ठेवली की डुगडुगते. दांडी पक्कडने छाटायची, मग पोकळीत एपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, भरायचं, म्हणजे धरायला काहीतरी मिळतं. छाटणीला एका कळेमागे एक मिनिट धरलं तरी १,६५० मिनिटं झाली, साडेसत्तावीस तास. अजून चित्राला हातही लागलेला नाही.

आणि मग निवडणं. खरा वेळ इथे जातो.

टाइल विकत घेताना तुम्ही शेड कार्डवर बोट ठेवता. भंगारात शेड कार्ड नसतं. लोक जे फेकतात तोच तुमचा रंग, आणि लोक काळे कीबोर्ड फेकतात. पोत्यामागून पोती काळे. माझा जीव जुन्या पांढऱ्या कीबोर्डांवर. ते ज्या प्लास्टिकचे असत ते उन्हाने, वयाने पिवळं पडतं, आणि सगळ्या कळा सारख्या पडत नाहीत. खिडकीकडची बाजू जास्त. म्हणून पांढऱ्या म्हणून आणलेल्या ढिगातून मला दुधाचा, सायीचा, हस्तिदंती, बिनदुधाच्या चहाचा असे अकरा-बारा रंग मिळतात. चेहऱ्यावरचा उजेड-सावली मी यातूनच काढते, रंगाचा एक थेंब न लावता. पण हे वेगळे करायचे ते दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली साय आणि दूध एकच दिसतं. सकाळी आठ ते अकरा मी गॅलरीत सूप घेऊन बसते. होय, तांदूळ निवडायचं सूप, आईचं. समोरच्या इमारतीतल्या काकूंना पहिले सहा महिने मी डाळच निवडतेय असं वाटत होतं. "एवढी डाळ लागते कशाला गं तुम्हाला?"

एकदा एका डीटीपीवाल्याकडचे मराठी कीबोर्ड मिळाले, इन्स्क्रिप्टची, म्हणजे देवनागरी टाइप करायच्या सरकारी मांडणीची, अक्षरं छापलेले. त्यातली कान्याची कळ, म्हणजे इंग्रजी ई जिथे असते ती, सगळ्यांत गुळगुळीत. मराठी टाइप करताना काना किती लागतो ते बोटांनी तिथे लिहून ठेवलं होतं: अक्षर पार पुसलेलं, मध्ये खोलगट चकाकी. ल आणि ळ तिथे एकाच कळेवर राहतात, खाली ल, वर ळ. ळ अगदी ताजा होता. गृहस्थांच्या चित्रात त्यांच्या वडिलांचा चेहरा होता, आणि चष्म्याच्या काचेवरची चमक म्हणून मी त्या झिजलेल्या कान्याच्या कळा लावल्या. प्रकाश तिथे बरोबर फुटतो. हे त्यांना मी सांगितलं नाही, पण ते पुन्हापुन्हा तिथेच बघत होते.

बांगड्यांचं वेगळं. त्या मी जांभळी नाक्याच्या बाजारातल्या कासाराकडून आणते. फिरोजाबादहून खोके येतात, त्यात काही तुटून निघतात. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे कासारही पाळतो: "ताई, या खेपेला बऱ्याच वाढल्यात, घेऊन जा." काचेचा हा बाकदार तुकडा केसांना आणि पाण्याच्या लाटांना असा लागतो की दुसरं काही शोधू नये. पण एका सासूबाईंनी घरात लावायला साफ नकार दिला होता. वाढलेल्या बांगड्या भिंतीवर, शुभ आहे का हे? मी म्हटलं, काकू, या कुणाच्या हातात चढल्याच नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग चालेल.

पैशांत आणखी एक गोष्ट मोजलेली असते, ती म्हणजे माझ्या चुका. पाचेक वर्षांपूर्वी मी तलावपाळीचं चित्र केलं होतं, संध्याकाळचं, मासुंदा तलावात दिवे उतरलेले. पाण्यासाठी जुन्या सीडी कापून लावल्या. काय झळाळी होती! दुसऱ्या पावसाळ्यात पाणी नाहीसं व्हायला लागलं. सीडीची चमक म्हणजे लेबलच्या बाजूला असलेला ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर. सीडी अख्खी असते तोवर कडा बंद असतात. मी कात्रीने शंभर ठिकाणी कडा उघड्या केल्या आणि ठाण्याच्या दमट हवेला आत बोलावलं. थर उडाला, मागे पारदर्शक प्लास्टिक आणि त्यातून दिसणारं प्लायवूड. चित्र परत आणलं, सगळं पाणी खरवडून निळ्या बांगड्यांचं केलं, पदरमोड करून. तेव्हापासून नवीन वस्तू हाती आली की तिचे तुकडे आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा गॅलरीत ठेवते.

चंदीगडचे नेकचंद मला यासाठी मोठे वाटतात. सरकारी रस्ते निरीक्षक. नवं शहर वसवताना जी गावं पाडली, त्यांच्या ढिगाऱ्यातून कपबश्या, बांगड्या, बिजलीचे चिनी मातीचे फ्यूज सायकलवरून वाहून आणायचे. १९५७ च्या सुमारास सुरुवात केली, जंगलात, कुणाला न सांगता. सरकारला पत्ता लागेपर्यंत सत्तरचं दशक उजाडलं होतं. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन, म्हणजे त्या टाकाऊ वस्तूंच्या पुतळ्यांची बाग, लोकांना खुलं झालं. इतकी वर्षं साठवणं, वेगळं करणं, थांबणं, याचं बिल कुणाला लावणार?

उलटा नमुनाही आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पेर्गामन या ग्रीक शहरातल्या सोसस नावाच्या कारागिराने 'न झाडलेली खोली' अशी एक फरशी केली होती. जेवणानंतर जमिनीवर पडलेला कचरा: माशाचे काटे, फळांची सालं, कवच. सगळं बारीक बारीक खड्यांत चितारलेलं. त्याच्या रोमन नकलेत एक उंदीर अक्रोड कुरतडतोय. एकेक खडा लावून, मेहनतीने केलेला कचरा. तिथे कुणी विचारलं नसेल, कचराच आहे ना म्हणून.

एकदा एका इमारतीच्या लॉबीचं काम आलं होतं. त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "माल आमचाच घ्या, ऑफिस रिकामं केलंय, फुकट. तुम्ही फक्त लेबर सांगा." तीन पोती कीबोर्ड आले. सगळे काळे. विषय होता 'सूर्योदय'. ते काम झालं नाही.

तर त्या गृहस्थांच्या चित्राचे मी २८,००० घेतले. धरून पंच्याण्णव तास गेले, भागाकार तुम्हीच करा, आणि त्यातून एपॉक्सी, प्लायवूड आणि फ्रेम वजा करायला विसरू नका.

गेल्या महिन्यात वागळे इस्टेटच्या भंगारवाल्या मामांचा फोन आला. हिरवा माल आलाय, जुन्या बिलिंग मशीनचा. हिरवी कळ म्हणजे माझ्यासाठी हापूस. रिक्षा करून गेले. एरवी ते गोणी काट्यावर टाकतात आणि किलोचा भाव सांगतात. या वेळी समोर प्लास्टिकची छोटी पिशवी आली, आतल्या कळा पुसलेल्या, हिरव्या वेगळ्या, पोपटी वेगळ्या. किंमत ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, भंगारच आहे ना, मग एवढे पैसे कसले?"

"निवडून ठेवलाय, ताई," मामा म्हणाले. "दोन दिवस गेले."