दुपारी ठीक, पहाटे मेलेले

बागेतली छोटी तळी साफ ठेवायची, पंप-फिल्टर बघायचे, पाणवनस्पती लावून द्यायच्या हे माझं काम. मासे मरतात, फोन येतात, त्यात नवीन काही नाही, पण ही केस अजून डोक्यातून जात नाही कारण त्या तळ्यावर जाऊन मी दोनदा "सगळं व्यवस्थित आहे" असं सांगून आले होते.

तळं साधारण पाच हजार लिटरचं, घरामागे, कडेला दगडांवरून पडणारा छोटासा धबधबा. पहिला फोन तळ्याच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, दोन कोई (शोभेचे मोठे रंगीत मासे) मेलेत म्हणून, दोन्ही हातभर लांब आणि बोटाएवढे होते तेव्हापासून सांभाळलेले. मी दुपारी तीनला गेले. पाणी हिरवट होतं पण वास नाही, माशांना विषारी ठरणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, ऑक्सिजन लिटरला 11 मिलिग्रॅम म्हणजे हवा तेवढा, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, 7 म्हणजे मधलं) मात्र 9 ला टेकलेला. तो मी उन्हामुळे असेल म्हणून सोडून दिला. चार दिवसांनी अजून एक गेला, मी परत गेले, परत दुपारीच, परत तेच आकडे.

तिसऱ्या वेळी फोनवर काकू होत्या, त्यांचा आवाज भरून आला होता. "अगं, रात्री खायला घालते तेव्हा चांगले असतात गं, सकाळी उठून बघावं तर एक तरंगत असतो."

फोन ठेवला आणि ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मरतात ते रात्रीतून, आणि मरतात ते फक्त मोठे. बारके गोल्डफिश एकही गेला नव्हता. काकांना संशय होता शेजारच्या फवारणीचा, पण विष काय लहान-मोठा बघून मारत नाही. ऑक्सिजन कमी पडला की मात्र आधी मोठा मासा जातो कारण त्याला लागतो जास्त. पण मी तर 11 मोजून आले होते!

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला त्यांच्या दारात होते. टॉर्च पाण्यावर मारला तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून हवा ओढतायत, सगळ्यात मोठी पांढरी-केशरी कोई एका अंगावर कलंडलेली. ऑक्सिजनचा मीटर टाकला, 1.8. कोईला निदान 5-6 तरी लागतो. आणि मग लक्षात आलं की आवाजच नाहीये, धबधबा बंद.

"रात्री बंदच करतो ना आम्ही," काका म्हणाले, "आवाजानं हिला झोप लागत नाही. दहाला बंद, सकाळी सातला चालू."

हे मी विचारलंच नव्हतं. दोन फेऱ्यांत एकदाही नाही.

हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळाने भरलेलं पाणी. दिवसा ऊन असतं तोवर ते पाण्याची आम्लता वाढवणारा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं, म्हणून दुपारी 11 आणि म्हणूनच पीएच 9. अंधार पडला की तेच शेवाळ माशांसारखा श्वास घेतं, तळाचा गाळ कुजत असतो तोही ऑक्सिजन खातो, आणि सगळ्यात कमी पातळी येते सूर्य उगवायच्या जरा आधी. त्यात उन्हाळा, कोमट पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, 10 अंशाला साधारण 11 मिलिग्रॅम मावतो तर 30 ला साडेसातच. आणि जेव्हा पाणी हलायची सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हा पंप बंद.

पंपाचं बटण दाबायला काका पुढे झाले तर मी थांबवलं त्यांना. फिल्टरमध्ये रात्रभर साचलेल्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता, ते तळ्यात गेलं असतं तर उरलेलेही गेले असते. ते आधी बाहेर मातीत सोडलं, मग धबधबा चालू केला, गाडीतला एअर पंप लावून दोन एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) सोडले, आणि क्लोरीन काढायचं औषध घालून हळूहळू 20 टक्के पाणी बदललं. साडेसहाला मीटर 4 च्या वर गेला. पांढरी-केशरी कोई अजून कडेलाच होती पण सरळ झाली होती, मला तिथून हलवेचना.

काकांनी शेवाळ मारायची बाटली आणून ठेवली होती, मी हात जोडून नको म्हणलं. अशा तळ्यात सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना राहिलेला ऑक्सिजनही संपवतं. पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे मरतात, मी बघितलंय हे दुसरीकडे.

पुढचे सहा आठवडे सगळं हळूहळूच केलं. गाळ एकदम नाही, दर आठवड्याला थोडा थोडा जाळीने काढला. फिल्टरचे स्पंज नळाखाली धुवायचे ते बंद, तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात नुसते पिळायचे, कारण अमोनिया खाणारे जीवाणू त्या स्पंजातच राहतात आणि नळाचं क्लोरीन त्यांना मारतं. काकू दिवसातून चार वेळा खायला घालत होत्या ते एकदावर आणलं, पाच मिनिटांत संपेल एवढंच, आणि रात्री अजिबात नाही, हे त्यांना फार जड गेलं. कमळं लावून निम्मं पाणी सावलीत आणलं.

राहिला आवाज. पाणी दगडावरून उडी मारून पडत होतं, तिथे एक रुंद चपटा दगड तिरका बसवला, आता ते घसरत उतरतं आणि आवाज जवळजवळ नाहीच. पंप रात्रभर चालतो, काकू झोपतात.

मीटर मी त्यांच्याकडेच ठेवला होता. काका रोज पाचला उठून आकडा पाठवायचे, 3.9, 4.4, एका ढगाळ दिवसानंतर परत 3.6 आणि मी घाबरून एअर पंप वाढवायला पळाले, मग 5.1, आणि सहाव्या आठवड्यात 6.3. त्या आकड्यासोबत फोटो होता, पांढरी-केशरी कोई तळाशी कमळाच्या कुंडीला टेकून निवांत, पाण्याच्या वर कोणीच नाही.